पायातला बूट पारखून घ्यावा

मंडळी, आपल्याकडे माणूस पायाचा विचार केव्हा करतो? पाय दुखायला लागला म्हणजे. सदऱ्याला कापड कोणते घ्यावे यावर घरातली चार माणसे चार मते देतात. पण पायात काय घालायचे हे मात्र बाजारात उभ्या उभ्या, दुकानदार पुढे ठेवील त्यातूनच ठरते. मग घरी आल्यावर बूट चावू लागतो, दोन दिवसांनी तो खाटेखाली जातो, आणि पैसे गेले ते गेलेच. बूट कुठे चावतो हे घालणाऱ्यालाच ठाऊक, असे म्हणतात ते खरे. पण तो चावणार की नाही, आणि टिकणार की नाही, हे पैसे मोजण्यापूर्वी पुष्कळसे ओळखता येते. ते कसे, एवढेच आज आपल्याला पाहायचे आहे.

आजचा विषय लष्करी पद्धतीच्या बुटांचा. म्हणजे घोट्याच्या वर येणारे, नाडीने आवळायचे, जाड तळाचे, काळे, मातकट किंवा हिरवट बूट. एके काळी हे बूट शिपाई, पोलीस आणि वनरक्षक यांच्याच पायांत दिसत. आता तसे राहिलेले नाही. धाटावच्या औद्योगिक वसाहतीतला रखवालदार, पोलीस भरतीच्या तयारीला लागलेला रोह्याकडचा मुलगा, शाळेतला एन.सी.सी.चा कॅडेट, अवचितगडाची किंवा पेणजवळच्या सांकशीच्या किल्ल्याची वाट चढणारे पाहुणे, या सर्वांना हा बूट हवासा वाटतो. शहरांकडे एअरसॉफ्ट नावाचा एक खेळही हौशी मंडळी खेळतात. जपानात १९७०च्या दशकात तो निघाला. खेळण्यातल्या बंदुकीतून सहा मिलिमीटर जाडीचे प्लास्टिकचे छर्रे उडवायचे आणि रानात लुटुपुटीची लढाई करायची, असा तो प्रकार. त्या खेळातल्यांनाही असलाच बूट लागतो, कारण झुडपातून पळायचे, गुडघ्यावर बसायचे, दगडाआड लपायचे, असे सारे त्यात असते. म्हणजे कारणे वेगळी, पण बूट एकच. आणि प्रश्नही एकच : पायाला सुख देईल आणि दोन-तीन वर्षे साथ देईल असा बूट निवडावा कसा?

प्रथम हा बूट आला कोठून ते थोडक्यात पाहू, म्हणजे त्याचे गुणदोष आपोआप कळतील. दुसऱ्या महायुद्धापर्यंत ब्रिटिश आणि हिंदी फौजेच्या पायांत ॲम्युनिशन बूट असत. जाड चामड्याचा तळ, त्यात ठोकलेले लोखंडी खिळे, टाचेला घोड्यासारखा नाल. रस्त्यावरून पलटण चालली की खणखण आवाज होई. खिळ्यांमुळे चामडे झिजत नसे, मातीत पकड येई. पण गुळगुळीत कातळावर तोच खिळा घसरे, आणि बूट जड तो जडच. १९३५ साली इटलीच्या आल्प्स पर्वतात सहा गिर्यारोहक मरण पावले. पायातले जोडे त्या हवेला अपुरे होते हेही त्याचे एक कारण मानले गेले. त्यांचा मित्र विटाले ब्रामानी याने त्यानंतर १९३७ साली खोल नक्षीचा रबरी तळ तयार केला. आज कोणत्याही बुटाखाली जी खाचाखाचांची नक्षी दिसते, तिची वंशावळ तेथवर पोचते. पुढे १९६०च्या सुमारास फौजांनी खिळ्यांचा तळ सोडून साच्यातून ओतलेला रबरी तळ घेतला.

दुसरी गोष्ट आपल्या अधिक जवळची आहे. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन सैनिक मेकाँग नदीच्या मुखाकडे भाताच्या खाचरांतून दिवसचे दिवस चालत. बूट सतत ओले. दोन-तीन दिवसांत पाय सुजत, कातडी पांढरी पडून सुरकुतत असे, पुढे लाल होऊन पाऊल टेकवत नसे. त्यावर औषधापेक्षा उपयोगी पडला तो साधा नियम : ठरावीक काळाने पाण्याबाहेर या आणि रात्रभर पाय कोरडे ठेवा. बुटातही फरक झाला होता. टाच आणि चवडा चामड्याचा, मधला भाग लवकर सुकणाऱ्या कापडाचा, आणि पावलाच्या आतल्या बाजूला पाणी बाहेर जाण्यासाठी दोन बारीक भोके. यालाच जंगल बूट म्हणतात.

आता सांगा, भाताच्या खाचरात ओले राहिलेले पाय हे दृश्य पेण-रोह्याच्या माणसाला नवे आहे का? आपल्याकडे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लावणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या नाहीत असा शेतकरी विरळा. तेव्हा पावसाळ्यात आपल्या प्रदेशात बुटाबद्दलचा पहिला प्रश्न ‘यात पाणी शिरेल का?’ हा नाही. पाणी वरून, घोट्याकडून, शिरणारच. खरा प्रश्न ‘शिरलेले पाणी बाहेर जाईल का, आणि बूट रात्रीतून सुकेल का?’ हा आहे. दुकानात ‘वॉटरप्रूफ’ अशी चिठ्ठी लावलेला बूट मिळतो. ओस पडलेल्या गवतातून चालायला तो छान. पण ओढा ओलांडताना एकदा वरून भरला की बाहेरचे पाणी आत येऊ न देणारे अस्तर आतले पाणीही बाहेर सोडत नाही. बूट नव्हे, ती घागरच झाली म्हणा ना.

यावरून पहिला नियम निघतो. बूट माणसाला शोभतो की नाही हे मागाहून पाहावे. कामाला शोभतो की नाही हे आधी. पावसाळ्यातली रानवाट असेल तर कापडी अंगाचा, भोके असलेला जंगल बूट. उन्हाळ्या-हिवाळ्यात रोज घालायचा, ड्युटीवर उभे राहायचे, तर चामड्याचा. चिखलणीच्या शेतात यांपैकी कोणताही नको. तिथे चिखल बूट ओढून घेतो आणि पाय मुरगळतो. बांधावर, गोठ्यात, साचलेल्या पाण्यात काम असेल तेव्हा गुडघ्यापर्यंतचा रबरी गमबूट बरा. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायाच्या भेगांतून आणि जखमांतून शरीरात जातात, हे कोकणात कोणाला नव्याने सांगायला नको. पायाला जखम असेल तर ती झाकल्यावाचून पाण्यात उतरू नये, आणि ताप व पोटऱ्यांत कळा आल्या तर घरगुती उपायांत दिवस न घालवता दवाखाना गाठावा. मिठागरावर काम करणाऱ्यांनीही चामड्याचा बूट खारट पाण्यात नेऊ नये. मिठाने चामडे कडक होऊन तडकते आणि शिवण कुजते.

आणखी एक घोटाळा टाळा. धाटाव, नागोठणे किंवा डोलवीच्या कारखान्यात काम करणाऱ्याने लष्करी पद्धतीचा बूट हा सेफ्टी शूजच्या जागी वापरू नये. दोन्ही दिसायला सारखे, काळे आणि दणकट. पण सेफ्टी शूजच्या पुढच्या भागात पोलादाची किंवा तशाच कठीण पदार्थाची वाटी असते. भारतीय मानक १५२९८ याच्या दुसऱ्या भागाप्रमाणे त्या वाटीने २०० ज्यूलचा आघात सोसायचा असतो. म्हणजे वीस किलोचे वजन एक मीटर उंचीवरून पडले तरी बोटे वाचली पाहिजेत. लष्करी पद्धतीच्या साध्या बुटाला ही वाटी नसते. तेव्हा कारखान्यात आय.एस.आय.चा शिक्का आणि हा क्रमांक पाहूनच पाय घालावा.

आता मापाकडे वळू. बुटांच्या तक्रारी ऐका. त्यांतल्या पुष्कळशा चामड्याच्या नसतात, मापाच्या असतात. आपल्याकडे चालणारे माप इंग्रजी पद्धतीचे आहे. त्यात सात नंबर आणि आठ नंबर यांतले अंतर एक तृतीयांश इंच, म्हणजे जवाच्या एका दाण्याएवढे, सुमारे साडेआठ मिलिमीटर. हे माप लांबीचे. रुंदीबद्दल ते मुके आहे. आणि आपली अडचण रुंदीचीच असते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरच्या लोकांच्या पावलांची मोजणी केली, तेव्हा आपली पावले सर्वसाधारणपणे युरोपियन माणसांपेक्षा रुंद असल्याचे दिसून आले. जन्मभर अनवाणी किंवा वहाणेवर चाललेल्या माणसाचा चवडा तर अधिकच पसरलेला असतो. असा माणूस अरुंद बूट घालतो, तो चवड्यावर आवळतो, मग तो एक नंबर मोठा घेतो. आता चवडा सुटला, पण टाच आत उचलू लागली आणि फोड आले. दोष पायाचा नाही. बुटाचा साचा चुकीचा. अशा वेळी नंबर बदलू नका, बूट बदला. रुंद साच्याचा दुसरा मागा.

माप घेण्याची रीत अगदी सोपी आहे. संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभराच्या श्रमाने पाय थोडा फुगतो. जमिनीवर कागद ठेवून त्यावर सगळा भार देऊन उभे राहावे. बसून घेतलेले माप खोटे. दुसऱ्या कोणाकडून पेन्सिल सरळ उभी धरून पावलाची रेघ काढून घ्यावी. दोन्ही पायांची. बहुतेक माणसांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित मोठा असतो, आणि बूट घ्यायचा तो मोठ्या पायाला. टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजावे. लांब बोट हे नेहमी अंगठाच असेल असे नाही, शेजारचेही असू शकते. मग चवड्याची रुंदी मोजावी. पुष्कळ देशांच्या फौजा आता बुटावर नंबराऐवजी पावलाची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्येच छापतात, यात त्यांचा शहाणपणा दिसतो.

या कागदाची कात्रीने पावले कापून दुकानात न्या. बुटातला सुकतळा बाहेर काढून त्यावर कागदी पाऊल ठेवा. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे, आणि कडेने कागद कुठेही सुकतळ्याच्या बाहेर जाता कामा नये. गेला, तर तो बूट चवड्यावर दाबणार हे तिथेच समजा. मग जे मोजे पुढे घालणार तेच घालून दोन्ही पायांत बूट चढवा, टाच मागे टेकवून नाडी आवळा, आणि चाला. नुसते सपाट फरशीवर नव्हे. दुकानाची पायरी चढा, उतरा. उतरताना बोटे पुढे आपटली तर बूट आखूड. चढताना टाच अर्ध्या इंचापेक्षा जास्त उचलली तर तो सैल. खाली बसून पाहा : घोट्याच्या पुढे जिथे चामडे दुमडते तिथे वळी रुतते का? आज रुतली तर उद्या तिथेच फोड येणार. ‘घालून घालून सैल होईल’ हे दुकानदाराचे म्हणणे रुंदीबाबत थोडेसे खरे आहे, लांबीबाबत मुळीच नाही.

ज्यांना मधुमेह आहे त्यांच्यासाठी येथे वेगळा शब्द. अशा माणसाच्या पायाची संवेदना कमी झालेली असू शकते. बूट चावतो आहे हे त्याला कळतच नाही, आणि लहानशा फोडाची मोठी जखम होते. त्याने पायाच्या सांगण्यावर विसंबू नये; कागदाच्या मापावर आणि डोळ्यांवर विसंबावे. नवा बूट तासभर घातल्यावर पाय उघडून लाल डाग पडला का ते पाहावे, आणि रोज बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा, खिळा, शिवणीची गाठ नाही ना, याची खात्री करावी.

माप जमले, आता टिकाऊपणा. बूट उलटा करा आणि तळ वरच्या अंगाला कसा जोडला आहे ते पाहा. जोडणीचे मुख्य प्रकार तीन. पहिला, नुसता डिंकाने चिकटवलेला. हा हलका आणि स्वस्त, पण सतत भिजला की पुढच्या टोकाला तोंड उघडतो. दुसरा, साच्यात ओतून वरच्या अंगाला थेट घट्ट बसवलेला. हा सहसा उकलत नाही; मात्र झिजला की नवा तळ बसवणे अवघड. तिसरा, चामड्याच्या पट्टीला शिवलेला. याच्या कडेने गोल फिरलेले टाके दिसतात. हा जड आणि महाग, पण आपल्या गावचा गटई कारागीर तळ सोडवून नवा शिवू शकतो. एवढे मात्र पाहा, की ते टाके खरोखर तळातून आरपार गेलेले आहेत. काही बुटांवर नुसती टाक्यांची नक्षी उठवलेली असते आणि आत डिंकच असतो. दिसते तसे नसते, म्हणूनच जग फसते.

तळाचा पदार्थही पाहावा. कठीण, चकचकीत प्लास्टिकसारखा तळ झिजत नाही खरा, पण शेवाळलेल्या काळ्या दगडावर तो साबणासारखा घसरतो. श्रावणात सांकशीच्या कातळावर किंवा नुसत्या विहिरीच्या पायठणीवर त्याची परीक्षा होते, आणि ती परीक्षा कंबरेला महाग पडते. नखाने दाबल्यावर किंचित दबणारे रबर चांगले. नक्षी खोल आणि मोकळी असावी; दाट नक्षीत आपली चिकण माती बसते आणि दोन पावलांत तळ सपाट होतो.

आणि हलक्या, फेसाळ दिसणाऱ्या पॉलियुरेथेनच्या तळाबद्दल एक सावधगिरी. हा पदार्थ चालायला मऊ, पण हवेतल्या दमटपणाने तो आतून हळूहळू कुजतो. न वापरतासुद्धा! पाच-सात वर्षे गोदामात पडून राहिलेला कोरा करकरीत बूट पहिल्याच चालीत भाकरीच्या कुसकरासारखा तुटून पडतो, हे अनेक देशांत अनुभवाला आले आहे. मग आपल्या कोकणातल्या हवेची गोष्टच सोडा. तेव्हा ‘लष्कराच्या साठ्यातला माल, अगदी स्वस्त’ असे कोणी म्हणाला तर आधी बनावटीचे वर्ष विचारा, तळ वाकवून बारीक चिरा पडतात का ते पाहा. आपल्या फौजेसाठी कानपूरच्या सरकारी कारखान्यात पिढ्यानपिढ्या बूट व चामड्याचे सामान तयार होत आले. २०२१ पासून तो कारखाना ट्रूप कम्फर्ट्स लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहे. पण बाजारात ‘आर्मी’ हा शब्द छापलेला प्रत्येक जोड तेथून आलेला नसतो. तो शब्द म्हणजे शिक्का नव्हे, सजावट आहे.

चामड्याची पारख कापलेल्या कडेवर होते. बुटाची जीभ बाहेर ओढा आणि कड पाहा. आरपार तंतुमय दिसले तर ते चामडे. वर पापुद्र्यासारखा रंगीत थर आणि खाली भुसभुशीत अंग दिसले, तर ते फाडलेले चामडे असून वर प्लास्टिकचा लेप दिलेला आहे; दुमडीवर तो लेप सहा महिन्यांत सुटतो. बोटाने दाबून पाहा : अस्सल चामड्यावर बारीक सुरकुत्या उमटतात आणि निघून जातात.

वजनाचाही विचार करा. पायातले एक किलो हे पाठीवरच्या चार ते सहा किलोंइतके दमवते, असे सैनिकांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. याचे कारण उघड आहे : पाठीवरचे ओझे एकदा उचलले की झाले, पायातले पावलागणिक उचलावे लागते. म्हणून ‘जितका जड तितका मजबूत’ ही समजूत सोडून द्या. पोलीस भरतीच्या मुलांना तर आवर्जून सांगतो : धावण्याचा सराव या बुटात करू नका. नडगीचे दुखणे ओढवून घ्याल. धावायला धावण्याचेच बूट. हा बूट चालण्यासाठी.

चांगला बूट घेतला तरी पहिल्याच दिवशी गड चढायला निघू नये. आठवडाभर घरात, अंगणात, रोज तास-दोन तास घालावा. मोजे नुसत्या सुताचे नकोत. सूत घाम धरून ठेवते, ओली कातडी मऊ पडते आणि घासून फोड येतो. लोकर किंवा नायलॉनचे मिश्रण असलेले मोजे बरे, आणि पिशवीत एक कोरडा जोड असावाच. टाचेला गरम वाटू लागले की थांबून तिथे चिकटपट्टी लावावी. फोड आल्यावर लावलेल्या पट्टीपेक्षा ती शंभर पटींनी उपयोगी.

भिजलेला बूट चुलीपाशी किंवा रणरणत्या उन्हात कधी वाळवू नये. चामडे आखडते, डिंक सुटतो. नाडी पूर्ण सोडावी, सुकतळा बाहेर काढावा, आत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत आणि दोन-तीनदा बदलावेत. सावलीत, वाऱ्याला ठेवावा. पावसाळ्यात बुरशी आली तर ओलसर फडक्याने पुसून, पूर्ण सुकल्यावर मेणाचे पॉलिश लावावे. तेलाचा मारा करू नये. चामडे लोळागोळा होते. आणि घरी आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. टाचेच्या भेगांना आपल्याकडे आमसुलाचे तेल लावतात, ती रीत चांगलीच आहे.

सकाळी बूट घालण्यापूर्वी तो उलटा करून आपटावा. हा नियम कधीही मोडू नका. कोकणातला लाल विंचू अशा अंधाऱ्या, उबदार जागा शोधत असतो. आपल्याच जिल्ह्यातल्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडते हे दाखवून दिले आणि असंख्य जीव वाचले. पण विंचू बुटातून झटकून टाकणे हे त्याहून सोपे. सापांबद्दलही तसेच. घोट्याच्या वरपर्यंतचा बूट फुरशासारख्या लहान सापापासून पुष्कळ रक्षण करतो. घोणशीसमोर त्याची खात्री देता येत नाही. बूट असो वा नसो, रात्री विजेरी हातात हवी, आणि साप चावलाच तर चिरणे नको, आवळून बांधणे नको, मंत्र नको. पाय न हलवता सरळ रुग्णालय.

खर्चाचा हिशेब एकदा मांडू. समजा एक जोड ८०० रुपयांचा आणि तो सहा महिने टिकला. महिन्याला पडले सुमारे १३३ रुपये. दुसरा २४०० रुपयांचा. मध्ये ५०० रुपये देऊन तळ बदलला आणि तो तीन वर्षे चालला. महिन्याला पडले सुमारे ८१ रुपये. म्हणजे गरिबाला स्वस्त बूट महाग पडतो. ज्याच्या हाती एकदम २४०० रुपये नाहीत त्याला हे सांगून काय उपयोग, असे तुम्ही म्हणाल, आणि ते बरोबर आहे. त्याने निदान ८०० रुपयांत मापाचा बूट घ्यावा, दिखाऊ नको. आणि पहिला टाका उसवताच गटई कारागिराकडे जावे. वेळेवर घातलेला एक टाका महिनाभर आयुष्य वाढवतो.

हौशी मंडळींना एक सूचना. बूट कोणीही घालावा. पण फौजेचा गणवेश किंवा चिन्हे घालून आपण सैनिक आहोत असे भासवणे हा आपल्या कायद्याने गुन्हा आहे. खेळण्यातली बंदूक हुबेहूब खऱ्यासारखी दिसते; ती उघडी घेऊन एस.टी.त किंवा बाजारात फिरू नये, आणि खेळताना डोळ्यांना पक्का चष्मा असल्याशिवाय छर्रा उडवू नये. बूट बदलता येतो, डोळा येत नाही.

शेवटी गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. मापाचा जो कागद सांगितला, तो सातवी-आठवीच्या वर्गात एक तास करून घ्या. मुलांनी एकमेकांच्या पावलांच्या रेघा काढाव्यात, मिलिमीटरमध्ये मोजावे, दोन पायांतला फरक लिहावा, वर्गाची सरासरी काढावी. गणित होईल, शरीराची ओळख होईल, आणि कोणत्या मुलाच्या पायात आखूड बूट आहे हेही तुमच्या ध्यानात येईल. वाढत्या वयात पाय भराभर वाढतो; कवायतीत लंगडणारा मुलगा पुष्कळदा आळशी नसतो, गेल्या वर्षीचा बूट घालून आलेला असतो. तो हे घरी सांगत नाही, कारण घरची परिस्थिती त्याला ठाऊक असते. तुम्ही पाहिलेत, तर त्याच्या मोठ्या भावाचा किंवा वरच्या वर्गातल्या मुलाचा जुना, पण मापाचा जोड त्याला मिळवून देता येईल.

मंडळी, बाजारात जाल तेव्हा खिशात पैशांबरोबर कागदाची दोन पावलेही असू द्या. दुकानदार हसेल, हसू द्या. बूट तुम्हाला घालायचा आहे.